मोकळ्या जागेचे सचिव

इसाकभाईंनी तेहेतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात बसगाड्या दुरुस्त केल्या. निवृत्त झाले आणि महिनाभरात आमच्या सोसायटीचे सचिव झाले. कारण एवढंच, की त्यांचं अक्षर चांगलं होतं आणि त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. आधीचे सचिव गहिनीनाथ मुलाकडं पुण्याला निघाले, जाताना रजिस्टर आणि शिक्का इसाकभाईंच्या ओट्यावर ठेवून गेले. बारा वर्षं ते तिथंच राहिलं.

आमची सोसायटी बीडमधून नेकनूरकडं जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला आहे. एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी मिळून काढलेली. अडतीस प्लॉट आणि मधोमध नऊ गुंठे मोकळी जागा, जिला सगळे ओपन स्पेस म्हणतात. मी शाळेत मास्तर होतो. एका कंडक्टरचं घर मी विकत घेतलं, म्हणून मी इथं. माझ्या खिडकीखालीच ती जागा सुरू होते.

सचिव झाल्यावर इसाकभाईंनी पहिलं काम केलं ते पत्र्याच्या बोर्डाचं. निळ्या रंगात, स्वतःच्या हातानं त्यांनी सहा नियम लिहिले आणि लिंबाच्या झाडाजवळ बोर्ड रोवला. मंडप दोन दिवसांच्या वर ठेवू नये, कचरा टाकू नये, असे साधेच नियम. चौथा होता, जनावरं बांधू नयेत व वाहने लावू नयेत. बोर्ड कोरडा झाल्यावर त्यांनी मला बोलावून शुद्धलेखन तपासायला लावलं. एक वेलांटी चुकली होती, ती त्यांनी लगेच दुरुस्त केली.

सात-आठ वर्षं त्या बोर्डाकडं कोणी फारसं बघितलं नाही. भांडणं व्हायची ती बारकी. कोणाचा बॉल कोणाच्या काचेला लागला, कोणी गादीचा कापूस तिथंच पिंजला. इसाकभाई दोन्ही घरी जाऊन चहा पिऊन यायचे आणि मिटायचं.

मग अर्जुनराव आले. मूळ चौसाळ्याकडचे, ऊसतोडीचे मुकादम. कोपऱ्यावरचं घर त्यांनी एका ड्रायव्हरकडून घेतलं. दोन ट्रॅक्टर, चार ट्रॉल्या. हंगाम संपला की होळीच्या सुमाराला त्या ट्रॉल्या ओपन स्पेसवर येऊन उभ्या राहिल्या, त्या थेट दसऱ्यापर्यंत. माणूस बोलायला मोठा गोड. कोणाच्या पोराला कारखान्यावर चिकटवून दे, कोणाच्या दवाखान्यासाठी जीप दे, हे त्यांचं चालूच असायचं. इसाकभाई पहिल्यांदा विचारायला गेले तेव्हा अर्जुनरावांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, स्वतः उभे राहिले आणि दोन दिवसांत उचलतो म्हणाले. ते दोन दिवस दोन वर्षं चालले.

त्याच जागेच्या दुसऱ्या टोकाला, लिंबाखाली, बायनाबाई दोन शेळ्या बांधायच्या. धुळाजी ड्रायव्हरची बायको. धुळाजी नोकरीत असतानाच वारले. पोरगी माहेरी आलेली, नात संस्कृती सातवीत. पेन्शन तुटपुंजी, म्हणून शेळ्या. शेळ्या बोर्डाच्या आधीपासून तिथं होत्या, आणि बोर्ड लागल्यावरही इसाकभाईंना त्या कधी जनावरांत मोजाव्याशा वाटल्या नाहीत.

त्या वर्षी वैशाखात लेंड्यांच्या वासाची तक्रार झाली. अर्जावर चार सह्या होत्या. त्यातली एक माझी.

इसाकभाई अर्ज घेऊन अर्जुनरावांकडं गेले. त्यांचा विचार असा होता, की दोन्ही गोष्टी एकदमच काढाव्यात. अर्जुनरावांनी अर्ज शांतपणे वाचला.

"नियम सगळ्यांना सारखा पायजे, इसाकभाई," ते म्हणाले. "आदी शेळ्या हालू द्या. दुसऱ्या दिवशी माझ्या ट्रॉल्या तिथं दिसल्या तर मला म्हणा."

इसाकभाईंना ते खरं वाटलं. संध्याकाळी ते बायनाबाईंकडं गेले. काय बोलावं हे त्यांनी वाटेत ठरवलं होतं, पण बोलावं लागलंच नाही. बाईंनी अर्ज हातात घेतला, नातीला वाचायला दिला, सह्या कुणाच्या आहेत तेवढं विचारलं. मग म्हणाल्या, "तुमी आलात म्हंजी हालवाव्याच लागतील, भाऊ." घरापुढं बांधायला जागा नव्हती. त्याच रविवारी त्यांनी दोन्ही शेळ्या नेकनूरच्या बाजारात नेऊन विकल्या. एक गाभण होती.

सोमवारी ट्रॉल्या तिथंच होत्या. त्या आठवड्यात एका ट्रॉलीचं टायर काढून खाली दगड लावले, म्हणजे आता ती हलणारही नव्हती.

त्यानंतरचे चार महिने इसाकभाईंनी कागद फिरवले. एका कार्यालयात सांगितलं, जागेचा विषय आमचा नाही. दुसऱ्यात सांगितलं, सोसायटीची अंतर्गत बाब आहे, पहिल्या कार्यालयात जा. ते सायकलवर जायचे, उन्हातून यायचे, माझ्या ओट्यावर टेकायचे. अर्ज कसा लिहावा हे मला विचारायचे आणि मी लिहून द्यायचो. माझी भाषा चांगली होती, उपयोग शून्य. एकदा पाणी पिता पिता ते म्हणाले, "गुरुजी, बायनाबाई बोलत न्हाई असं असतं तर बरं झालं असतं. ती बोलती. कसे हाईत भाऊ, म्हनती. मला त्या गल्लीतून जाववत न्हाई."

त्यांच्या पत्नी मदिनाबी यांनी त्यांना सरळ सांगितलं होतं, की रजिस्टर चेअरमनच्या दारात ठेवून या. चेअरमन म्हणजे आसाराम, जुने ड्रायव्हर, कानानं कमी. त्यांना सभेत फक्त बसायला आवडायचं.

सप्टेंबरात वार्षिक सभा झाली. नेहमीप्रमाणे माणसं पुरी भरली नाहीत, म्हणून सभा तहकूब केली आणि अर्ध्या तासानं तीच माणसं, त्याच सतरंजीवर, तीच सभा भरवून बसली. ट्रॉल्यांच्या सावलीतच बसलो होतो आम्ही. इसाकभाई उभे राहिले. अहवाल वाचला, मग रजिस्टर मिटलं.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "जे माणूस ऐकतं त्यालाच मी नियम लावला. आता एक तर ट्रॉल्या निघाव्यात, न्हाईतर बाईला शेळ्या बांधू द्याव्यात. हात वर करा."

कोणाचा हात वर झाला नाही. समोर बसलेल्या सुग्रीवचा मुलगा अर्जुनरावांच्याच टोळीचा हिशेब बघायचा. दुसऱ्या एकाला त्यांची जीप लागायची. मला त्यांचं काही लागत नव्हतं, तरी मी सतरंजीचा दोरा ओढत बसलो.

अर्जुनरावच बोलले, अगदी समजुतीनं. "बाईला बांधू द्या की शेळ्या. माझं काय म्हननं न्हाई. गरीब माणूस हाय."

सगळ्यांना हायसं वाटलं. ठराव एकमतानं झाला. बायनाबाई मागं बायकांत बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आता कुठल्या शेळ्या आनू मी?" आणि चहा आला.

दसऱ्यानंतर अर्जुनराव टोळ्या घेऊन कर्नाटकात कारखान्यावर गेले. काढलेलं टायर बसवून ट्रॉल्याही गेल्या. जमिनीवर तेलाचे काळे डाग आणि दगड तेवढे उरले. दिवाळी झाल्यावर इसाकभाईंनी पुन्हा सभा बोलावली. आत शिरायच्या वाटेवर लोखंडी पाइप रोवायचे, माणूस आणि स्कूटर जाईल, ट्रॉली जाणार नाही, असा ठराव मांडला. अर्जुनराव नव्हते, म्हणून कोणी विरोध केला नाही. काम करायलाही कोणी आलं नाही. इसाकभाई आणि आसाराम, दोघं सत्तरीच्या घरातले, तीन दिवस पहारीनं खड्डे घेत होते. तिसऱ्या दिवशी मी सिमेंटला पाणी मारायला गेलो. इसाकभाईंनी पाइप धरून माझ्याकडं बघितलं आणि बादली पुढं सरकवली.

तो हिवाळा बरा गेला. पोरं खेळली, बायकांनी उन्हात धान्य वाळवलं.

चैत्रात अर्जुनराव परतले. जीपमधून उतरून त्यांनी एक पाइप हातानं हलवून बघितला. तो हलला नाही. मग ते इसाकभाईंकडं गेले, ओट्यावर बसून चहा प्यायले, पोरांना जागा झाली, चांगलं काम केलंत म्हणाले. संध्याकाळी चारही ट्रॉल्या इसाकभाईंच्या कंपाउंडला लागून रस्त्यावर ओळीनं उभ्या राहिल्या. रस्ता सोसायटीचा नव्हता. त्याला आमचा कुठलाच नियम लागू होत नव्हता.

मी गेलो तेव्हा इसाकभाई दारात उभे होते. समोर चाक, त्याच्यामागं चाक. सकाळचं ऊन ओट्यावर यायचं बंद झालं होतं. मदिनाबींनी कपडे वाळवायची दोरी गच्चीवर नेली होती. मी म्हटलं, अर्ज लिहू या, रस्त्याचं कार्यालय वेगळं असतं.

"न्हाई, गुरुजी," ते म्हणाले. "बास."

लोक यायचे, लई वाईट झालं म्हणायचे, आणि ओपन स्पेसवर फेऱ्या मारायला जायचे. इसाकभाई तिकडं जात नसत. दुपार कलल्यावरची अस्रची नमाज झाली की पायरीवर बसायचे, ट्रॉलीच्या पाठीकडं तोंड करून. त्यांना राग आलाय असं काही दिसायचं नाही. लांबच्या पल्ल्याची गाडी डेपोत लावून ड्रायव्हर नुसता बसून राहतो, तसे बसायचे.

पुढच्या सभेत त्यांनी राजीनामा वाचून दाखवला. याआधी दोनदा दिला होता, दोन्ही वेळा सगळ्यांनी तुमच्याशिवाय कोण म्हणून परत केला होता. या वेळी ते म्हणाले, परत करू नका, माझ्यात आता काही राहिलेलं नाही. आसारामनं नावं मागितली. अर्जुनराव आभाळाकडं बघत होते. बाकी सगळे खाली. मी हात वर केला. त्यात धैर्य वगैरे नव्हतं, इसाकभाईंकडं बघवत नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः रजिस्टर, शिक्का आणि पंपाच्या खोलीची किल्ली घेऊन आले. पंप कधी अडतो, कुठला नट सैल होतो, कुणाच्या घरी कधी जायचं आणि कुणाच्या घरी चहा नाकारायचा नाही, हे समजावून सांगितलं. बायनाबाईंचं नाव आलं तेव्हा, त्यांना काही हवं असेल तर आधी विचारा, एवढं बोलले.

अकराच्या सुमाराला मला एका जुन्या नोंदीचा मेळ लागेना म्हणून मी त्यांच्याकडं गेलो. ट्रॉल्यांच्या आणि कंपाउंडच्या मधून अंग चोरून दारापर्यंत पोचलो. मदिनाबी बाहेर आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, झोपलेत. दिवसा कधी झोपत नाहीत, आज आल्या आल्या झोपले. उठवू का?

मी नको म्हटलं आणि रजिस्टर घेऊन परत आलो.