दातआजींचा अक्रोध

क्रोध आवरणे हे तप होय, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु काही विरळ माणसांना तो आवरावाच लागत नाही. समोरच्याच्या वेदनेकडे त्यांचे लक्ष आधी जाते आणि दोषाकडे वळायला सवडच उरत नाही. मुलांचे दात पाहणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंच्या ठायी हा अक्रोध होता. पोरे त्यांना ‘दातआजी’ म्हणत.

दवाखाना तळमजल्यावर, बिऱ्हाड वर. वरच्या मजल्यावर त्यांचे निवृत्त यजमान, ज्यांना सारे आबा म्हणत, चार वर्षांच्या नातीचा सांभाळ करीत. लेक दिवसभर कामावर असे. नात इतकी चपळ, की तिचे नावच भिंगरी पडले होते. या भिंगरीला दुपारी निजवायचे म्हणजे आबांच्या नाकी नऊ येत. अखेर त्यांनी उपाय शोधला: कोमट दूध, त्यात सढळ हाताने साखर, आणि बाटली तोंडात तशीच ठेवून निद्रा. बाटली मग गुपचूप धुऊन ते कपाटात मोठ्या पातेल्यामागे दडवीत.

खाली दातआजी येणाऱ्या प्रत्येक आईला सांगत, “झोपताना बाटली नको गं. गोड दूध दातांवर साचून राहतं, झोपेत लाळही कमी सुटते. किडीला रान मोकळं!” जिन्यात उभ्या आबांच्या कानांवर हे पडे. ‘दुधाचेच तर दात, आज ना उद्या पडायचेच,’ अशी मनाची समजूत घालून ते वर जात.

एके दिवशी भिंगरी गालावर हात ठेवून रडू लागली. घास चावेना. तिला कडेवर घेऊन आबा जिना उतरले.

दातआजींच्या दवाखान्याची एक रीत होती. मुलाला घेऊन येणारे वडीलधारे माणूस आधी खुर्चीत बसे. मूल आरसा हाती घेऊन त्याचे तोंड तपासी, आणि भीती गेली की मग मुलाची पाळी.

“अगं, घरच्या नातीला तरी थेट बसव,” आबा म्हणाले.

“घरची म्हणून रीत मोडायची? बसा. आणि तोंड उघडा. एरवी बंद ठेवा म्हटलं तर ऐकत नाही!”

दुखणे क्षणभर विसरून भिंगरीने आरसा सरसावला. “बाप रे आबा, केवढी काळी दाढ!”

“त्यात चांदी भरली आहे, बाळ.”

मग तिने आजीचा सूर हुबेहूब उचलला. “झोपताना काय पिता? खरं सांगायचं हं. इथे कुणी रागवत नाही.”

आबांनी पत्नीकडे पाहिले, मग नातीकडे. “मी नाही गं पीत. मी तुला पाजतो. बाटलीतून. साखर घालून.”

दातआजी थबकल्या. “कधीपासून?”

“लेक कामावर जायला लागल्यापासून.”

“अहो, रागावून दात बरा होत असता, तर मी ही हत्यारं कशाला घेतली असती?” त्या म्हणाल्या. “आणि माझं तरी काय? गावाची तोंडं पाहत बसले, घरचं राहिलं. दिव्याखाली अंधार! उतरा आता.”

भिंगरीच्या पुढल्या दातांवर, हिरड्यांलगत, खडूसारखे पांढरे पट्टे होते, किडीची पहिली खूण. खालच्या दाढेत खोल खड्डा. दातआजी आबांना हळू आवाजात म्हणाल्या, “पोर दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत ही दाढ राहायला हवी. आत्ताच काढली तर शेजारचे दात तिच्या जागेवर कलंडतील, आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट मिळणार नाही. आतली नस जिवंत असली तर वाचवते.”

आबांनी नातीचा हात धरला. दातआजींनी भूल दिली, कीड हलकेच कोरून काढली.

“वाचली,” दातआजी म्हणाल्या. औषध भरून त्यांनी दाढेवर पोलादी टोपी बसवली, पांढऱ्या पट्ट्यांवर फ्लोराइडचा लेप दिला. भिंगरी टोपी आरशात पाहून इतकी मिरवली, की आबांना रडावे की हसावे कळेना.

त्या दिवसापासून बाटली गेली. दूध पेल्यातून, जागेपणी आणि बिनसाखरेचे. सकाळी आणि निजण्यापूर्वी नातीचे दात घासणे हे आबांचे नित्यकर्म झाले: मटाराच्या दाण्याएवढी पेस्ट, आणि हिरडीची कड चुकवायची नाही. एखादे आजोबा ‘दुधाचेच तर दात’ म्हणाले, की दातआजी जिन्याकडे बोट दाखवीत. “वर जा. आमच्याकडे या विषयातले अनुभवी गृहस्थ आहेत.”

दातआजी गेल्या, त्याला बराच काळ लोटला. दवाखान्यात आता दुसऱ्या डॉक्टर बसतात. भिंगरीची टोपीची दाढ यथाकाल पडली, आणि तिच्या जागी पक्का दात सरळ आला आहे.