तिवाट्यावरून परत

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला कचऱ्याच्या गाडीतून उतारा आला. त्या दिवशी सुधाला जाऊन एक्केचाळीस दिवस झाले होते.

सुधा माझी पत्नी. गावातल्या शाळेत शिकवायची. तिच्या नोकरीमुळेच आम्ही पाथर्डी तालुक्यातल्या या गावात राहायला आलो. माझं काम घनकचऱ्याचं. कचरा कसा गोळा करायचा, कसा वेगळा करायचा, त्याचं खत कसं करायचं, हे मी ग्रामपंचायतींना सांगतो आणि समोर उभं राहून करून घेतो. या गावात मात्र खरं काम सुधानं केलं. तीन वर्षं ती संध्याकाळी घरोघर जायची आणि ओला-सुका कचरा वेगळा ठेवायला शिकवायची. त्याआधी गावाचा सगळा कचरा ओढ्यात पडायचा आणि पेटवला जायचा. त्याचा धूर थेट शाळेच्या वर्गांत यायचा.

आमची शेड तिसगावच्या रस्त्याला, गावाबाहेर माळावर आहे. वर पत्रे, खाली निवडायचा सिमेंटचा ओटा, मागं खताचे सहा खड्डे. निवडायला चार बायका. सुधाचं तेरावं झाल्यावर तिच्या साड्या मी त्या चौघींना वाटून टाकल्या.

तर त्या सकाळी अशोकनं गाडी ओट्यावर रिकामी केली. अशोक हा आमचा ड्रायव्हर. भाजीच्या देठांबरोबर वर्तमानपत्राचं एक पुडकं घरंगळत आलं आणि फाटलं. आत भाकरी, दहीभात, हळदकुंकू लावलेलं लिंबू आणि काळी बाहुली.

चौघी एकदम मागं सरल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एखादा माणूस खंगत चालला, त्याला काही लागलंय असं वाटलं, की त्याच्यावरून अन्न ओवाळतात. ते अन्न तिवाट्यावर, म्हणजे तीन वाटा मिळतात तिथं ठेवायचं आणि मागं न बघता घरी यायचं. यालाच उतारा म्हणतात. तो ओलांडायचा नाही, त्याला हात लावायचा नाही. लावला तर ते आपल्यावर येतं.

"सायेब, हात लावू नका!" कौसाबाई ओरडली. चौघींत ती सगळ्यात मोठी, पन्नाशीची. शेडची झाडलोटही तीच करायची. तिला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी हातमोजेही काढून ठेवले. बाहुली सुक्यात टाकली. भाकरी, भात, लिंबू उचलून चार नंबरच्या खड्ड्यात टाकलं. "हा ओला कचरा आहे. साठ दिवसांनी खत होईल," मी म्हणालो. हे आपल्याला शोभेलसं झालं असं मला तेव्हा वाटलं होतं.

पंधरा दिवसांत दोघी काम सोडून गेल्या. कारण विचारलं तर एकीची कंबर दुखत होती, दुसरीला माहेरी जायचं होतं.

इथं खड्ड्याबद्दल थोडं सांगायला हवं. ओला कचरा, शेणकाला आणि वाळका पाला यांचे थर लावले की खड्डा तीन-चार दिवसांत आपोआप तापतो. आतलं तापमान साठ अंशांपर्यंत जातं. ते बघायला माझ्याकडे हातभर लांबीचा थर्मामीटर आहे. थंडीच्या सकाळी माळावर पाच खड्ड्यांतून वाफ निघत असायची. चार नंबरमधून निघायची नाही. थर्मामीटर पुरा खुपसला तरी काटा बाहेरच्या हवेइतकाच. कचरा तोच, थरही तसेच, असं मी धरून चाललो होतो. मी वहीत रोज आकडे लिहीत होतो. शेजारच्या दोन्ही खड्ड्यांत हात धरवत नव्हता आणि चार नंबर गार. एकदा दुपारी मी त्याच्या काठाशी बसलो. आतली माती ओली असावी तसा गारवा वर येत होता. मी उठलो.

दुसऱ्या अमावस्येनंतर पुन्हा उतारा आला. या वेळी कापडात घट्ट बांधलेला. कापड फिकट करडं होतं. मी गाठ सोडली आणि पुन्हा चार नंबर. कौसाबाई पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

त्या संध्याकाळी शेडमधल्या खुंटीवर आदल्या दिवसापासून राहिलेली माझी टोपी मी डोक्यावर घातली आणि कपाळाला काहीतरी टोचलं. आत भाताचं एक शीत वाळून चिकटलं होतं. डब्यातलं असेल, म्हणून झटकून टाकलं. त्या दिवसांत मी डबा खात नव्हतो, हे लक्षात आलं नाही.

मग दोन आठवड्यांनी मंदा आली. उरलेल्या दोघींपैकी ती तरुण.

"सायेब, मी उद्यापासून न्हाई येनार."

"का?"

"पोरगीला ताप हाय. दोन दिस झाले."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं. पन ताप कुठनं आला ते डाक्टरला म्हाईत न्हाई. मला म्हाईत हाय."

दिवाळीनंतर आमचं अर्धं गाव ऊसतोडीला जातं. बदली बाई मिळत नाही. एकटी कौसाबाई सगळ्या गावाचा कचरा निवडू शकत नव्हती. ओट्यावर ढीग वाढत गेला. आठव्या दिवशी सरपंच दत्तूभाऊ मोटारसायकलवरून आले. गाडीवरून उतरले नाहीत.

"साहेब, काय चाललंय? गावात म्हणत्यात, तुमच्या खताला धरलंय."

"खताला कोण धरणार?"

"ते मला काय ठावं! तुमी शिकलेली मान्सं. पन वास माझ्या घरापोत्तर येतो. येत्या सोमवारपोत्तर बायका आल्या तर ठीक. न्हाई तर मी ट्रॅक्टर लावतो आन वड्यात वततो."

"भाऊ, सुधानं तीन वर्षं..."

"बाईंसाठीच आठ दिस थांबलोय," ते म्हणाले आणि गाडीला किक मारली.

अमावस्या रविवारी होती. सोमवारी सकाळी मी गाडीच्या आधी शेडवर पोचलो. गार हवेत पाच वाफा सरळ वर चालल्या होत्या. अशोकनं गाडी लावली आणि हसत म्हणाला, "आज तर वड्याच्या पल्याडनं आनलाय, सायेब. कुटं बी लपवा, अशोक सोडत न्हाई." गावात काही शिल्लक ठेवायचं नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं.

गाठोडं ओट्यावर आलं. तेच करडं कापड. या वेळी तुकडा काठाकडचा होता. काठ तांबूस, आणि काठाच्या वर निळा डाग. शाईचा. माझं पेन सुधाच्या मांडीवर गळलं होतं. बसस्टँडवर. ती साडी तिनं नंतर फक्त घरात नेसली.

मी गाठ सोडली नाही. गेल्या वेळी सोडली होती, तीही याच साडीची असणार. तेव्हा ओळखलं नव्हतं.

कौसाबाई झाडू घेऊन आत आली. माझ्या हातातलं कापड बघून दारातच थांबली.

"ही साडी मी तुला दिली होती," मी म्हणालो.

"व्हय."

"कोणावरून उतरवतेस?"

"इचारू नका. सांगितलं की उतरत न्हाई."

"कौसाबाई, तीन बायका गेल्या. आज ट्रॅक्टर येईल. कोणावरून?"

तिनं फक्त खुंटीकडं पाहिलं. खुंटीवर माझी टोपी होती.

मग ती खाली बसली आणि सगळं एकदम बोलली. "तुमी जेवत न्हाई. डबा शेडमागं येनाऱ्या गाईला घालता, मला दिसत न्हाई व्हय? शर्ट बगा कसा लोंबतोय. बाईंचा जीव तुमच्यात गुतलाय. त्या वाईट न्हाईत, सायेब, पन वढत्यात. म्हनून मी अमावस्येला तुमच्या टोपीवरनं उतरवते. पयला उतारा कागदात दिला तर फाटला, मग म्हनलं बाईंचंच कापड घ्यावं, त्यांना वळखंल, सोडतील. तिवाट्यावर ठेवते, मागं वळून बघत न्हाई. आन सकाळी तुमचा अशोक त्ये उचलून तुमच्याच म्होरं आनून वततो! आन तुमी सोडून बगता! मी जागा बदलली, वड्यापल्याड गेले, तर त्या मेल्यानं तिथनं बी आनलं!"

ती रडत होती आणि मधेच हसतही होती. मला हसू आलं नाही. माझ्यावरून काढलेलं तीन वेळा माझ्याकडे परत आलं होतं. मीच घालून दिलेल्या पद्धतीनं, ठरलेल्या वेळी.

मी मंदाच्या घरी गेलो. अंगणात तिची मुलगी खेळत होती. ताप केव्हाच उतरला होता. मी मंदाला सगळं सांगितलं.

"म्हंजी त्ये आमच्यावर न्हाई?" तिनं विचारलं.

"नाही. माझ्यावर आहे."

"नक्की तुमच्यावरच?"

"माझ्यावरच."

"मग ठीक हाय," मंदा म्हणाली. दुपारी ती इतर दोघींना घेऊन आली. दत्तूभाऊंचा ट्रॅक्टर रस्त्यावरूनच परत गेला. उताऱ्यावर माझा विश्वास नाही, हे मी त्या दिवशी कोणालाच सांगितलं नाही. शेड वाचली ती त्यामुळेच.

चार नंबर गार का, तेही कळलं. उतारा पडल्यापासून बायका त्याच्या जवळ जात नव्हत्या. शेणकाला नाही, पाणी नाही. खड्डा कोरडा पडला होता. मी वहीत फक्त तापमान लिहिलं, पाणी कोणी घातलं का हे एकदाही विचारलं नाही. मीच चार बादल्या शेणकाला ओतला. चौथ्या दिवशी काटा अठ्ठावन्नवर होता. त्याच आठवड्यात एक दिवस मी डबा पूर्ण खाल्ला. त्याचं कारण मी शोधलं नाही.

ओला, सुका आणि घातक असे कचऱ्याचे तीन प्रकार मी गावोगाव शिकवतो. चौथा प्रकार माझ्या तक्त्यात नव्हता. जे दुसऱ्यानं उचलायचं नसतं, ते. आता नव्या गावात गेलो की आधी तिवाटा कुठं आहे ते विचारतो.

आमच्या तिवाट्यावर आता अडीच फुटांचा खड्डा आहे, शेजारी मातीचा ढीग. ठेवणाराच वर माती लोटतो. अशोक तिथं गाडी थांबवत नाही. चौघी कामावर आहेत. ओढा मोकळा आहे. त्या तिसऱ्या गाठोड्याचं कापड माझ्या कपाटात आहे. रोज संध्याकाळी मी टोपी घालून घरी येतो. अमावस्येला ती शेडमधल्या खुंटीवरच ठेवून येतो.