तांबड्या धुराचा खुलासा

आमच्या साहेबांची गाडी येऊन गेली, हे लोकांना गाडी दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ कळत राही. इतका धूर ती सोडत असे. दुष्काळ नुकताच सरला होता. मी सोलापुरातल्या एका सरकारी कार्यालयात कारकून होतो, आणि त्या धुराकडे आम्ही हवामानाकडे पाहावं तसं पाहत असू.

गोष्ट बिघडली ती बार्शीला. एका शाळेच्या नव्या खोल्यांचं उद्घाटन होतं. गाडी मंडपाच्या तोंडाशी मागे घेताना ड्रायव्हरमामांचा पाय ॲक्सिलरेटरवर जरा जोरात पडला आणि व्यासपीठ नाहीसं झालं. स्वागतगीत म्हणणाऱ्या मुली तालात खोकल्या. धूर विरला तेव्हा साहेब हार घालून मधोमध उभे होते, आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने नकळत हात जोडले. साहेबांना तो अपमान वाटला. मला वाटतं, त्यांच्या नोकरीतला तो सर्वांत प्रभावी क्षण होता.

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या मिस्त्रीला बोलावणं गेलं. तो म्हणाला, "साहेब, सोपं आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा म्हणजे इंजिनात पाणी शिरतंय. निळा म्हणजे ऑईल जळतंय, रिंगा झिजल्यात."

मिस्त्री तीन वाक्यं बोलून गेला. साहेबांनी त्यांचा दोन पानी आदेश केला. धूर काळा असल्यास चालकाने कार्बोरेटरशी छेडछाड केली असं समजावं. पांढरा असल्यास चालकाने पाण्याकडे दुर्लक्ष केलं असं समजावं. दोन्ही प्रकारांत चालकाला गाडीवरून काढून रेकॉर्डरूममध्ये दप्तरं बांधायला बसवावं. निळा असल्यास इंजिन जुनं झालं, दोष कोणाचा नाही. या तिसऱ्या रंगाची साहेबांना फारशी ओढ नव्हती, कारण दोनच महिन्यांपूर्वी 'इंजिन सुस्थितीत' अशा दाखल्यावर त्यांनी स्वतः सही केली होती.

ड्रायव्हरमामा सांगोल्याकडचे. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. ते मला जिन्यात गाठून म्हणाले, "भाऊसाहेब, मला अक्षर वळखंना. रेकार्डात बसून काय उंदरं राखू? गावात सांगून बसलोय, सीटवरनं उतरीन ते घरलाच जाईन म्हणून."

"धूर कुठला आहे मामा?"

"निळा हाय की! वीस वरसं त्याच्या म्होरं बसतोय."

धुराचा रंग ठरवायला समिती नेमली गेली. हेडक्लार्क अध्यक्ष, भांडारपाल सदस्य, मी सचिव. पहिली बैठक सकाळी आठला आवारात भरली. दिवस थंडीचे. धूर पांढरा दिसला. त्या वेळी बोलणाऱ्या हेडक्लार्कांच्या तोंडातूनही पांढराच धूर निघत होता, पण ते कोणी इतिवृत्तात घेतलं नाही. भांडारपाल म्हणाले, करडा. मी लिहिलं, 'पांढऱ्याकडे झुकणारा करडा.' दुपारी चुन्याच्या भिंतीपुढे गाडी लावली तर धूर काळा दिसला. मामांनी ती लिंबाखाली नेली.

"आता बगा. निळा का न्हाय?"

"निळसर," भांडारपाल म्हणाले.

"झाडाच्या सावलीचा रंग आहे तो," हेडक्लार्क घाईने म्हणाले. त्यांना साहेबांच्या दाखल्याची आठवण होती.

तीन बैठका अशाच गेल्या. शेवटी भांडारपालांनाच सुचलं. चादरींच्या या गावात रंगाचा वाद कोण मिटवतो? रंगमास्तर. रीतसर पत्र गेलं आणि चादरींचं सूत रंगवणाऱ्या एका रंगशाळेचे मास्तर सायकलवरून आले. तेलुगू घरातला बारीक, अबोल माणूस. चालू आठवड्यात कुठल्या चादरी निघताहेत ते त्यांच्या नखांवरून कळे. तेव्हा नखं तांबडी होती.

मामांनी गाडी चालू केली. मास्तरांनी धुराकडे पाहिलंच नाही.

"हवेतला रंग मी बघत नाही," ते म्हणाले. "सुतावर चढू दे, मग सांगतो."

पिशवीतून त्यांनी पांढऱ्या सुताची लडी काढली, काठीला अडकवून धुराच्या नळीपुढे धरली आणि मामांना गाडी रेस करायला सांगितलं. दहा मिनिटांनी लडी मळकट झाली. "चला," म्हणाले. समिती त्याच गाडीत बसून मास्तरांच्या सायकलमागे रंगशाळेत गेली. तिथे त्यांनी लडी तांबड्या रंगाच्या थंड हौदात बुडवली, पिळली आणि उजेडात धरली. लडी तांबडीलाल झाली होती, पण मधे मधे फिकट पट्टे कोरेच राहिले होते.

"तेल," मास्तर म्हणाले. "तेल लागलेलं सूत रंग पीत नाही. नुसती काजळी असती तर रंग काळपट चढला असता, पण सगळीकडे चढला असता. पाणी असतं तर साफ चढला असता. हे तेल आहे की."

मामा तिथेच उकिडवे बसले आणि टोपीने तोंड पुसू लागले. हेडक्लार्कांचं तोंड मात्र लहान झालं. तेल म्हणजे ऑईल, ऑईल म्हणजे निळा, आणि निळा म्हणजे साहेबांची सही खोटी.

मी अहवालात लिहिलं, 'धूर तेलाचा आहे.' हेडक्लार्कांनी ते खोडलं. "आदेशात रंग विचारलाय, पदार्थ नाही," म्हणाले. मग दोन दिवस विचार करून, कोणाचंच मन न दुखवणारं एक वाक्य त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'धुराचा रंग सोबत जोडलेल्या नमुन्याप्रमाणे आहे.' लडी पाकिटात घालून लाखेने बंद केली. साहेबांनी पाकीट न फोडता सही ठोकली आणि प्रकरण मंजुरीला वरिष्ठ कार्यालयाकडे गेलं. निळा लिहिलेला नाही एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

महिन्याभराने उत्तर आलं. 'सोबतचा नमुना तांबड्या रंगाचा आढळून येतो. आपल्या आदेशात तांबड्या धुराबाबत तरतूद दिसून येत नाही. तरी तांबडा धूर कोणत्या परिस्थितीत निघतो, याचा सविस्तर खुलासा सादर करावा. अंतिम निर्णय होईपर्यंत वाहन व चालक यांच्यात कोणताही बदल करू नये.'

साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. पाकीट उघडून पाहिलं नव्हतं हे सांगण्यापेक्षा तांबडा धूर मान्य करणं त्यांना सोपं गेलं. त्यांनी मला बोलावून मजकूर सांगितला: 'तांबड्या धुराचं निरीक्षण चालू आहे.' वरून सूचना आली, निरीक्षणाचा मासिक अहवाल पाठवत जावा.

तो अहवाल पुढे सव्वा वर्ष मीच लिहिला. उन्हाळ्यात प्रमाण वाढतं. चढावर रंग गडद होतो. माळशिरसच्या दौऱ्यात विशेष फरक आढळला नाही. अशा वाक्यांवर कोणी आक्षेप घेतला नाही, आणि मला हळूहळू त्यांची सवय लागली. इंजिनाला हात लावायची परवानगी नव्हती, कारण पुरावा नष्ट झाला असता. मामा डब्यातून ऑईल ओतत आणि गाडी हाकत. अहवालाच्या दिवशी सकाळी इंजिन चालू करून ते मला खिडकीखाली हाक मारत.

"भाऊसाहेब, आज कंचा?"

"लाल, मामा."

"मग बसा की लिवायला."

त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस महिनाअखेरचाच होता. दुपारी निरोपाचे हार आले, पेढे आले. चार वाजता साहेबांना विश्रामगृहावर सोडून मामा परत आले आणि गाडी लिंबाखाली लावली. इंजिन बंद करायला त्यांचा हात जाईना. मी जवळ गेलो. सावलीत धूर स्वच्छ निळा दिसत होता, इतका की हेडक्लार्कांनाही तो नाकारता आला नसता.

"आज कंचा?" मामांनी विचारलं.

"निळा," मी म्हणालो.

त्यांनी एकदम कार्यालयाच्या खिडक्यांकडे पाहिलं.

"हळू बोला की, भाऊसाहेब," ते म्हणाले. "अजून पाच वाजायचेत."