बाबांच्या अंगठ्याखालचे सेकंद

बाबा निफाडच्या एका शाळेत पीटीचे सर होते. नाशिकहून रोज एसटीने जाऊन-येऊन त्यांनी अख्खी नोकरी केली. तालुक्याच्या शर्यतींना स्टॉपवॉच त्यांच्याकडेच असायचं. पळणाऱ्या पोराची छाती फितीला लागली की त्याच क्षणी बाबांचा अंगठा पडायचा, आणि त्यांनी सांगितलेल्या वेळेवर दुसऱ्या शाळांचे सरही वाद घालत नसत.

ते निवृत्त झाले आणि मला रंग जुळवायच्या क्यूबचं वेड लागलं, हे साधारण एकाच सुमाराला झालं. मी इंजिनिअरिंगला होते. मेन रोडवरून आणलेला क्यूब इतका कडक होता की फिरवून बोटं दुखायची. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेतून तो सोडवायच्या पद्धतीचे प्रिंटआउट काढून आणले. पहिल्यांदा सगळे रंग जुळले त्यात माझी अख्खी दुपार गेली. आई म्हणाली, "जुळलं ना? मग ठेव आता." बाबांनी मात्र विचारलं, "किती वेळ लागला?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी, चहा झाल्यावर, आम्ही गॅलरीत बसायचो. बाबा घड्याळ घेऊन खुर्चीत, मी समोर खाली. "तयार... सुट!" म्हणत ते बटण दाबायचे. क्यूब त्यांना येत नव्हता, पण पळणं कळत होतं. एकदा म्हणाले, "तुझे हात जोरात चालतात, पण मधेमधे तू थांबतेस. वळणावर थांबणारा पोरगा कधी पहिला येईल का? थोडं सावकाश कर, पण हात चालू असतानाच पुढचा तुकडा शोध." मी तसं केलं. काही आठवड्यांत मी मिनिटाच्या आत आले. त्या दिवशी बाबांनी शेजारच्या काकांना बोलावून मला परत एकदा करायला लावलं.

त्याच वर्षी डॉक्टरांनी त्यांना कंपवात असल्याचं सांगितलं. उजवा हात आधी थरथरायला लागला. शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा, कप बशीवर वाजायचा. घरात त्यावर कुणी फारसं बोलत नसे.

आणि माझा वेळ अडकला. नवीन चाली पाठ केल्या, क्यूब उघडून आतून घासून सैल केला. हात हलके झाल्याचं मला जाणवत होतं, पण घड्याळात काही उतरत नव्हतं. "आज पण तेवढंच," बाबा म्हणायचे, "होईल."

मग घरात सेकंडहँड कॉम्प्युटर आला. त्यावर टायमर होता. कळ आपणच दाबायची, आपणच थांबवायची. पहिल्याच दिवशी माझा वेळ दोनेक सेकंदांनी कमी आला. मला वाटलं, काहीतरी चुकलं. परत केलं, तरी तेच.

त्या संध्याकाळी मी क्यूब खाली ठेवला आणि बाबांच्या हाताकडे बघितलं. अंगठा उचलला गेला, थरथरला, बटण चाचपडत राहिला आणि मग पडला. सुरुवातीला बटण दाबलं जाईल तेव्हाच ते "सुट" म्हणायचे, म्हणून ती बरोबर असायची. उशीर व्हायचा तो शेवटी.

मी काही बोलले नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं म्हणजे मी खूश होते. आपण अडकलो नव्हतो, आपण वेगात होतो, याचा आनंद मला आधी झाला. बाबांचा हात बिघडतोय हे नंतर मनात आलं.

मग मी संध्याकाळ टाळायला लागले. कधी सबमिशन, कधी परीक्षा. आतल्या खोलीत दार लावून कॉम्प्युटरवर सराव करायचे. बाबा घड्याळ घेऊन गॅलरीत थोडा वेळ बसायचे आणि उठून जायचे, हे मला आत बसूनही कळायचं.

एके दिवशी त्यांनी दार ढकललं. "त्याच्यावर किती येतंय?"

मी एक आकडा सांगितला, खऱ्यापेक्षा जरा जास्त.

"खरं सांग."

मी खरा सांगितला. त्यांनी मान हलवली. "मला वाटलंच. तुझ्या क्यूबचा खडखडाट बंद होतो ते मला ऐकू येतं ना. अंगठाच नंतर पडतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"जन्मभर दुसरं काय केलं मी?"

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो." ते पलंगाच्या कडेला बसले. "चुकीचा टाइम लावला तर खेळाडूने गप्प बसायचं नसतं, पोरी. भांडायचं असतं. माझी पोरं भांडायची माझ्याशी."



पुढे पुण्याला क्यूब सोडवणारी काही मुलं स्पर्धेसाठी जमली होती, तिथे मी गेले. तिथल्या टायमरवर आपलेच तळहात ठेवायचे असतात; उचलले की वेळ सुरू, परत टेकले की बंद. माझा तोवरचा सगळ्यात चांगला वेळ तिथेच आला. फोनवर सांगितला तर बाबा इतक्या जोरात ओरडले की आईने घाबरून फोन काढून घेतला.

मी परत आल्यावर ते म्हणाले, "मला शिकव." दुपारी आम्ही बसायला लागलो. त्यांना आधी पांढऱ्या बाजूचा एक थर लावायचा होता. एक तुकडा फिरवताना दुसरा निसटायचा, ते परत मागे यायचे. माझे हात शिवशिवायचे. एकदा, तीन कोपरे लागले होते आणि चौथा काही केल्या बसेना, तेव्हा मी "द्या इकडे" म्हणत क्यूब ओढून घेतला. बघता बघता सगळा सोडवून त्यांच्यासमोर धरला.

बाबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "छान," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी क्यूब विस्कटून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी उचलला, इकडून तिकडून पाहिला आणि मला परत दिला. "आज तूच कर. मी बघतो."

मी केला. जमेल तितका हळू.