कॉमाबाई

आमच्या इंग्रजीच्या बाई एखाद्या मुलीच्या वहीतलं वाक्य जसं लिहिलंय तसंच मोठ्यानं वाचायच्या. कॉमा नसेल तर न थांबता, चेहरा लाल होईपर्यंत. नको तिथं असेल तर नेमक्या तिथंच थांबून वर बघायच्या. वर्ग हसायचा, बाई हसत नसत. "तिनं लिहिलंय तेच मी वाचलं," म्हणायच्या. सगळं पौड गाव त्यांना कॉमाबाई म्हणायचं, आणि हे त्यांना माहीत होतं.

बाजारात त्यांच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. घरात कॉलेज पाहिलेल्या त्या पहिल्या. बी.एड. झाल्यावर पुण्यात का राहिला नाहीत, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "तिथं शिकवणारे पुष्कळ आहेत."

"धाप लागेल तिथं कॉमा द्यायचा नसतो, अर्थ बदलेल तिथं द्यायचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा त्यांनी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, माझा भाऊ जो मुंबईला असतो तो डॉक्टर आहे. कॉमा नाहीत, म्हणजे भाऊ बरेच, त्यातला मुंबईचा तो डॉक्टर. मग 'जो मुंबईला असतो' याच्या दोन्ही बाजूंना कॉमा दिले. आता भाऊ एकच उरला. "बघा, कॉमानं घरातली माणसं कमी होतात," बाई म्हणाल्या.

ऐंशी सालानंतर जवळच्या उरवड्याकडे कारखाने आले. टायपिंग शिकून मी त्यातल्या एकात लागले. वडील अंथरुणाला खिळलेले, पगार माझा एकटीचा. तिथं संप झाला आणि सगळ्या कामगारांना कायम करायचं तोंडी ठरलं. इंग्रजी मसुद्यात लिहिलं होतं, कामगार, ज्यांची दोन वर्षं भरली आहेत, ते कायम होतील. साहेबांनी लाल पेन्सिलीनं दोन्ही कॉमा खोडले. "असं टाईप करा," म्हणाले.

मला कळलं. कॉमा असले की सगळेच कायम, कॉमा गेले की फक्त दोन वर्षं भरलेलेच. आणि हजेरीच्या मस्टरवर कितीतरी जणांच्या नोकरीत मुद्दाम खंड दाखवलेला, म्हणजे कागदावर त्यांची दोन वर्षं भरतच नव्हती. मला सगळं कळलं, आणि मी टाईप केलं.

दुसऱ्या दिवशी कामगारांचा पुढारी भिकाजी तो कागद घेऊन ऑफिसात आला. बरोबर बाई होत्या.

"बाईस्नी वाचाया दिला," भिकाजी म्हणाला. "त्या म्हंत्यात, सही करू नगा. आमी न्हाई करनार."

साहेब हसले. "बाई, दोन कॉमांसाठी एवढ्या लांब आलात?"

"त्यांच्यासाठीच आले."

"त्यानं काय फरक पडतो?"

"पडत नसेल तर घाला."

साहेबांचं हसू गेलं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "टायपिंगची चूक दिसते."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुझ्या लक्षात आलं नाही?"

"नाही, बाई."

बाई साहेबांना म्हणाल्या, "माझीच विद्यार्थिनी आहे. शिकवताना माझंच काहीतरी राहिलं असेल."

मी त्यांच्यासमोर कागद पुन्हा टाईप केला. दोन्ही कॉमा दिले. सह्या झाल्या, एकूण एक माणूस कायम झाला. भिकाजीनं बाईंना वाकून नमस्कार केला. मला मान वर करवली नाही.

खरं सांगायला मला पाच वर्षं लागली. बाई आजारी आहेत असं कळलं तेव्हा गेले. खूप वाळल्या होत्या. मी सगळं सांगितलं, लाल पेन्सिलीसकट.

"ठाऊक होतं मला," त्या म्हणाल्या. "त्या फळ्यावरच्या भावाचं वर्गात सगळ्यात आधी तुलाच कळलं होतं. पण तिथं खरं वदवून घेतलं असतं तर तुझी नोकरी गेली असती."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं.

"मला लागलं मात्र," त्या शांतपणे म्हणाल्या. "आज आलीस, बरं केलंस."

मग त्यांनी आत भावजयीला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. महिनाभरात त्या गेल्या.