दारापर्यंतची ड्यूटी

ऐंशीच्या दशकात आम्ही मिनेसोटात आलो, तेव्हा मला नोकरीचा परवाना नव्हता आणि गप्प बसायचा सराव नव्हता. मुलगी शाळेत गेली की मी भिंतींशी बोलायचे. शेवटी शेजारणीनेच मला जवळच्या कॅथलिक हॉस्पिटलात व्हॉलंटियर म्हणून नेऊन सोडलं. नवरा म्हणाला, घरी पाण्याचा ग्लास हातात देत नाहीस आणि तिकडे फुकट राबणार? मी म्हटलं, तिकडे थँक्यू म्हणतात.

हिरव्या साडीवर व्हॉलंटियरचा गुलाबी कोट चढवला की मी दुरंगी बर्फी दिसायचे. आमच्या प्रमुख आजीबाई सत्तरीच्या पुढच्या. नन्सनी हॉस्पिटल काढलं, तेव्हा चर्चच्या तळघरात बसून चादरी शिवणाऱ्या, घरून सूप आणणाऱ्या बायकांतल्या त्या शेवटच्या. टॉवेलच्या घड्या घालताना ते सगळं सांगायच्या, पण त्यात स्वतः कुठेच नसायच्या. जणू चादरी आपोआप शिवल्या गेल्या.

त्या बायकांनीच घातलेला एक नियम होता. घरी निघालेल्या पेशंटला व्हीलचेअरवरून दारापर्यंत न्यायचं आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत आत यायचं नाही. बर्फ असला तरी. मला हे काम मनापासून आवडलं. निघालेल्या पाहुण्यासाठी दारात थांबायचं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. फक्त आईच्या वळणाने मी प्रत्येकाला हात हलवून म्हणायचे, "कम अगेन!" लोक हसायचे. मला वाटायचं, आपलं आदरातिथ्य आवडतंय. एक दिवस आजीबाईंनी हळूच बाजूला घेऊन सांगितलं, की हनी, हॉस्पिटलातून सुटलेल्या माणसाला हे म्हणायचं नसतं.

पुढच्याच मंगळवारी न्यूमोनियातून उठलेल्या एका म्हाताऱ्याला मी खाली आणलं. बायको त्याच हिवाळ्यात गेलेली. आणखी एक दिवस राहू द्या, अशी त्याने नर्सची विनवणी केली होती. त्याचा शेजारी पिकअप घेऊन आला, दार उघडलं, तरी हा खुर्चीचे हात सोडेना.

"घरी फक्त घड्याळ आहे," तो म्हणाला.

काय बोलावं सुचेना, आणि सुचेनासं झालं की सवयच बोलते. "कम अगेन," मी म्हणाले आणि जीभ चावली. मागे काचेच्या दारात आजीबाई उभ्या.

म्हाताऱ्याने माझ्या गुलाबी कोटाकडे बघितलं. "तू कोणत्या वारी असतेस?"

"मंगळवारी."

मग तो उठला आणि गाडीत बसला.

आणि आला की. काही आठवड्यांनी, मंगळवारी, इस्त्रीचा शर्ट घालून. व्हीलचेअर ढकलायचं काम द्या म्हणाला. आता मला बोलणी बसणार, म्हणून मी टॉवेलांच्या ढिगामागे सरकले. आजीबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गुलाबी कोट त्याच्या खांद्यांवर चढेना, तशी त्यांनी खिशातून टेप काढली आणि त्याचं माप घेतलं.

पुढच्या मंगळवारी हुकावर एक निळा कोट लटकत होता. शिवण हाताची. कुणी शिवला, विचारल्यावर त्या म्हणाल्या, आधी ते टॉवेल संपव.