गुडघा, आभाळ आणि नळाचा दिवस

१९९४ च्या मे महिन्यात जालन्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी आईचा उजवा गुडघा तपासला आणि मला रोजची नोंद ठेवायला सांगितली: किती दुखतो, केव्हा दुखतो. गुडघ्याची झीज झाली होती. असंच चाललं तर वर्षभरात जिना बंद करावा लागेल, असं ते म्हणाले. आई तेव्हा सहासष्ट वर्षांची होती. आम्ही गावातच, मस्तगड भागात एका किराणा दुकानाच्या वर राहत होतो. जिना बंद म्हणजे ते घर बंद.

दुखणं हिवाळ्यात सुरू झालं होतं. आई म्हणाली, थंडीमुळे. थंडी गेली, दुखणं राहिलं. मग ती म्हणाली, आभाळ येतं म्हणून. कोणी शंका घेतली नाही. म्हाताऱ्या माणसांच्या सांध्यांना पाऊस आधी कळतो, हे गल्लीत सर्वांना मान्य होतं. संध्याकाळी गुडघा शेकायला निर्गुडीचा पाला तव्यावर गरम होई. त्या खोल्या आठवल्या की मला अजून तो वास आठवतो.

वाळवणाच्या दिवसांत समोरची शेजारीण गच्चीवरून आधी आईला विचारायची.

"काकू, गुडघा काय म्हणून राह्यला? टाकू का कुरडया?"

"टाक बिनधास्त. आज गप हाय."

एकदा दुपारी वळवाची सर आली. ओल्या कुरडयांसकट लुगडं गुंडाळत शेजारीण ओरडली, "काकू, तुमचा गुडघा झोपल्ता का?"

"झोपल्ता. म्हातारा झाला तो बी."

दोघी हसल्या. दुसऱ्या दिवशी शेजारणीने पुन्हा विचारलंच.

मी एका दैनिकाचा वार्ताहर होतो. तहसीलमधून पावसाचा रोजचा आकडा आणणं माझ्या कामातच होतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेखाली मी तीन गोष्टी लिहू लागलो: आभाळ, पाऊस, गुडघा. गुडघ्यासाठी आई एकच शब्द सांगायची. गप, जरा किंवा लई.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी नोंदी वाचायला बसलो. झडीच्या काही दिवसांत 'गप' होतं. मे महिन्यातल्या निरभ्र दिवसांत 'लई' होतं. आभाळाशी मेळ बसत नव्हता. त्याच कॅलेंडरवर पत्नीने काही तारखांना गोल केलेले होते. ते नळाचे दिवस. पाणी पाच-सहा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला खाली दुकानामागच्या चौकात यायचं. पुढची पाळी मोजता यावी म्हणून ती गोल करून ठेवायची. जवळपास प्रत्येक गोलाच्या दुसऱ्या दिवशी 'लई' लिहिलेलं होतं.

पत्नी आदल्या वर्षीच्या जूनपासून शाळेत शिक्षिका होती. अकरा वाजता ती वर्गात, मी बाहेर. हंडे दुकानातला हमाल वर आणून देतो, असं आई सांगायची. मी खाली जाऊन दुकानदाराला विचारलं.

"हमाल तर दिवाळीतच गेल्ता, साहेब. अंकुशनगरच्या साखर कारखान्याला, उसावर. परत आलाच न्हाई. माय स्वतःच चढवतात. मी म्हणलो राहू द्या, तर मलाच दटावलं."

मी वर आलो. आई तांदूळ निवडत होती.

"किती हंडे चढवतीस?"

"पाणी मोजून भरतं का कोणी?" मग ती हळूच म्हणाली, "तिला सांगू नको. शाळा सोडून घरी बसंल. पुढच्या जूनमधी कायम तर होऊ दे तिला."

पत्नी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"माझी शाळा तुम्ही मला न विचारता सोडवून बी टाकली का, आत्याबाई?"

"तुला कोणी बोलावलं गं?"

"मी शाळा सोडत न्हाई. आन् तुम्ही हंड्याला हात लावायचा न्हाई."

"मंग पाणी काय आभाळातून पडंल?"

"ऑगस्ट हाय. पडंल बी."

त्याच महिन्यात आम्ही चौकात सिमेंटची टाकी बांधून तिच्यावर मोटर बसवली. पाणी पाइपने वर येऊ लागलं. रिकामे हंडे आईने घासून फळीवर उपडे ठेवले.

नोंदी मी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालू ठेवल्या. 'लई' विरळ झालं. थंडीच्या आणि कुंद दिवसांत आई 'जरा' सांगत राहिली. मी डॉक्टरांना कॅलेंडर दाखवलं. हवामानाने सांधे दुखतात का, यावर डॉक्टरांत एकमत नाही, असं ते म्हणाले. रुग्णांत मात्र आहे. शेजारणीलाही मी नोंदींचं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या वर्षीही आईला विचारूनच कुरडया टाकल्या.

जून १९९५ मध्ये पत्नी शाळेत कायम झाली. त्याचा कागद आईने माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग दुकानदाराला पेढे द्यायला ती जिना उतरून खाली गेली आणि तासाभराने चढून वर आली.